शेवटच्या बोल्टचा मान

आमच्या घरातली कुठलीही बरणी एकट्या माणसाला उघडत नसे. एकानं बरणी पोटाशी धरायची, दुसऱ्यानं झाकणाला फडकं गुंडाळून पिळायचं आणि तिसरा कुणी घरात असलाच तर त्यानं बाजूला उभं राहून "उलटं फिरवून राहिली तू" असं सांगायचं. हे तिसरं काम राजूचं. राजू म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि ते काम त्यानं पुढं आयुष्यभर केलं. बरण्या अशा का, तर बाबा. बाबांच्या हातातून जे सुटायचं ते कसूनच सुटायचं. मिठाची बरणी, नळाची तोटी, सायकलच्या ट्यूबचं टोपण, आईच्या चष्म्याच्या काडीतला तो इवलासा स्क्रूसुद्धा. नळाचे वायसर आमच्याकडे कोथिंबिरीसारखे येत, आज आणले की चार दिवसांत चिरडलेले. आई म्हणायची, "तुमच्या हाताले झालं काय हो? लोणचं काय उठून पळून जाते?" बाबा हात पुसत म्हणायचे, "ढिलं ठेवलेलं काही टिकत नाही." हे ते तोटीबद्दल म्हणत, पोरांबद्दल म्हणत आणि शेजारच्या संसारांबद्दलही म्हणत. त्यांच्या जन्माचं सगळं तत्त्वज्ञान एवढ्या एका वाक्यात मावायचं, आणि त्यावर झाकणही त्यांनीच कसून लावलेलं होतं.

घर म्हणजे लकडगंजात दोन आरा गिरण्यांच्या मधे अडकलेलं एक लांबट दुकान. पुढं गॅरेज, मागं दोन खोल्या आणि मधे एक पडदा, जो मुळात कोणत्या रंगाचा होता हे आईलाही आठवत नसे. सकाळी पहिला आरा सुरू झाला की मांडणीवरची भांडी किणकिणायला लागत. सागाचा भुसा खिडकीतून येई आणि वरणावर हिंगासारखा पसरे. लग्न झाल्यावर सासरचं वरण मला कितीतरी दिवस अळणी लागलं. सासूबाई मीठ वाढवत राहिल्या, आणि त्यात लाकूड कमी आहे हे त्यांना कसं सांगायचं ते मला सुचेना. आरे चालू असताना घरात बोलायचं ते ओरडून. बाहेरच्यांना वाटे, इथं रोज मारामाऱ्या होतात. खरी भांडणं मात्र दुपारी होत, आरेवाले डबे उघडायला थांबले की. तेव्हा अशी शांतता पडे की आई पाटवडीचा रस्सा ढवळते तो आवाजही गल्लीत ऐकू जाई. ही दुपारची शांतता लक्षात ठेवा. तिनं माझं वाटोळं केलं.

आमच्याकडे नारळ फुटत नसे. आजोबांनी नागपुरात धम्म घेतला त्या दिवशी नारळ, लिंबू, मिरची, शेंदूर सगळं मागं टाकलं आणि कन्हानकडच्या कोळसा खाणीतली फिटरची नोकरी संपल्यावर हे गॅरेज काढलं तेही बिनानारळाचं. शेजारच्या गॅरेजातून दुरुस्त झालेली गाडी निघताना चाकाखाली लिंबू चिरडलं जायचं. आमचं गिऱ्हाईक घुटमळायचं. "मिस्त्री, लिंबू?" आजोबा म्हणायचे, "पोह्यावर पिळ." पण गाडीवाल्याचा जीव काहीतरी मागतोच. घाटात ब्रेक लावताना आठवायला त्याला काही हवं असतं. म्हणून आजोबांनी शेवटच्या बोल्टचा मान सुरू केला. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बसवताना बाकीचे बोल्ट कुणीही आवळावेत. शेवटचा मात्र घरातल्या कर्त्या माणसानं, खाणीतून आणलेल्या लांब दांड्याच्या पान्यानं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. आवळून झाला की मोठ्यानं म्हणायचं, "बसला." संपलं. आजोबा गेले आणि तो मान बाबांकडे आला. वर्धा रोडपासून काटोल नाक्यापर्यंतचे गाडीवाले सांगायचे, मिस्त्रीचा हात लागला की इंजिन दगा देत नाही. दारातून हाकललेली अंधश्रद्धा खिडकीतून पाना घेऊन आत आली, असं मी एकदा जेवताना म्हणाले. बाबांनी ताटावरून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी ठेच्याची बरणी कुणालाच उघडली नाही.

मी गॅरेजात शिरले ती काही क्रांती वगैरे नव्हती. राजूला ग्रीसचा वास सहन होत नसे आणि गल्लीतल्या कॅरमच्या बोर्डाला त्याच्यावाचून करमत नसे. माझं मनगट बारीक होतं, इंजिनाला चिकटलेल्या मॅनिफोल्डच्या मागच्या फटीत जाई. आधी नुसती बत्ती धरली, मग पाने दिले, मग बाबांच्या हाताला सापडत नसलेला नट काढून दिला, आणि मग सकाळी कॉमर्स कॉलेज व दुपारनंतर इंजिन असा माझा अभ्यासक्रम ठरून गेला. मला पाहायला आलेल्या एका मावशींनी माझी नखं पाहून विचारलं, "मेंदी काढली का?" आई म्हणाली, "हो, काळी आहे जराशी." ते स्थळ परत आलं नाही. मला वाईट वाटलं नाही, हे आईला फार वाईट वाटलं.

त्या दिवसांत मी कबाड्याकडून एक मापाचा पाना आणला होता. दांड्यावर आकडे, हवा तेवढा आकडा लावायचा आणि तेवढा जोर पडला की पाना 'खट्' करतो. म्हणजे बास, पुढं जाऊ नका. बाबांना त्याचं फार हसू येई. "हा पाना हाय का सासू? मधेच टोकते." पण माझ्या हातून बसलेली हेडं परत येत नव्हती, हेही त्यांना दिसत होतं. एका संध्याकाळी, आरे थांबल्यावर, पोहे खाता खाता ते एकदम म्हणाले, "पमे, आता एक इंजिन पुरं तू कर. उघड तू, बंद तू. अन् शेवटचा बोल्टही तूच कस."

आईच्या हातातली तर्रीची पळी थांबली. "अन् राजू?"

"राजू स्ट्रायकर कसते."

मला त्या रात्री झोप आली नाही, असं लिहायला आवडलं असतं. छान झोप लागली. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला आपल्याला काय मिळालंय हे कळतं तेव्हा ती शांत झोपते; नंतरच्या रात्रींसाठी ती झोप साठवता आली असती तर बरं झालं असतं.

संत्र्यांचा मोसम लागला होता. काटोलच्या बंडूभाऊंचा ट्रक आमच्याकडे ओढूनच आणला, हेडखालची गॅस्केट फुटलेली, रेडिएटरचं पाणी तेलात उतरून तेलाचा पार चहा झालेला. बंडूभाऊ म्हणजे गळ्यात टॉवेल, पोटावर शर्टाचं बटण तुटलेलं आणि दर वाक्याला घड्याळ. बागा तोडणीला आल्या होत्या आणि त्यांचा एकच ट्रक होता. "मिस्त्री, संत्रं झाडावर थांबते, पण व्यापारी थांबत नाही गा."

"पोरगी करून राहिली यावेळी," बाबा म्हणाले. "पुरं इंजिन."

बंडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "करू दे बाप्पा. पण तुमी असान ना?"

हेड मी उतरवलं. खालच्या ब्लॉकचा माथा घासून पुसून साफ केला, मग बोल्टची भोकं एकेक करून. ब्लॉक बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कितीदा उघडलेला देव जाणे. आमच्याकडे देव नाही, म्हणून कुणालाच माहीत नव्हतं. भोकात आतून जे आटे असतात, ज्यांच्यात बोल्ट धरतो, त्याला आमच्या गल्लीत चुडी म्हणतात. बाकी सगळ्या भोकांतून काळा गंज निघाला. मागच्या कोपऱ्यातल्या भोकातून गंजाबरोबर चकचकीत चुरा निघाला. म्हणजे चुडीच झिजून झिजून निघत होती. आणि तो कोपरा कोणता, तर शेवटच्या बोल्टचा. ट्रक आधीही आमच्याकडेच उघडला गेला होता आणि दर वेळी बाबांच्या हातानं त्याच भोकाला मान दिला होता. मी तो चुरा तळहातावर घेऊन त्यांना दाखवला. "बाबा, हे भोक थकलं. मापानंच कसा लागन, जास्त नाही. नाही तं भोक मोठं करून आताच नवा बुश मारून घेऊ."

त्यांनी चुरा बोटानं चोळला. "मोसम हाय. तेवढं धरन ते."

"मी मापानं कसतो मंग." घरात मी अशीच बोलायची, आमच्याकडे पोरीही करतो-जातो म्हणतात, सासरी गेल्यावर मला 'करते' शिकावं लागलं.

"कस ना. तुलेच कसाचा हाय तो."

हे त्यांचे शब्द आहेत. मी ते पुढं इतक्यांदा मनात उलटेसुलटे करून पाहिलेत की त्यांचीही चुडी झिजली असेल.

हेड बसवलं त्या दुपारी दोन्ही आरे जोरात होते. मी मधून बाहेर, पुन्हा मधून बाहेर अशा फेऱ्या घेत बोल्ट आवळत गेले. पाना खट्, पुढचा, खट्. आवाज ऐकू येत नव्हता, हाताला कळत होता. शेवटचा कोपऱ्यातला तेवढा हलका बसवून ठेवला, पाना पुसला आणि मागं वळून पाहिलं. आजोबांचा लांब दांड्याचा पाना भिंतीवरून काढून बाबा उभे होते, मला द्यायला. मान त्याच पान्याचा, माप मी हातानं राखणार होते. आई पडद्यातून डोकावत होती. राजूसुद्धा कॅरम सोडून आला होता, बोटांना बोरिक पावडर तशीच. मी हात पुढं केला.

तेवढ्यात बंडूभाऊ ओरडले, "मिस्त्री! पोरीनं सारं केलं, मी काही म्हटलं का? पण एवढा बोल्ट तुमचाच हात लागू द्या. माह्या बापाच्या वक्तापासून हाय ते. घाटात मले तुमचा हात आठवते, तिचा कसा आठवन?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच मी म्हणू शकते. पाहिलं, आणि पाना आपल्याच हातात ठेवला. मला बाजूला ढकललं नाही, काही नाही, मीच सरकले. माणूस सरकतोच. मी फक्त त्यांच्या कानाशी ओरडले, "हलक्यानं, बाबा! थकलं हाय ते!" ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

त्यांनी पाना लावला, पाय रोवला, दांडा ओढला. बोल्ट आवळताना हाताला एक विरोध जाणवतो. तो वाढत जातो, वाढत जातो आणि एका जागी पुरे म्हणतो. त्या पुऱ्याच्या पुढं बाबांनी आपला नेहमीचा एक ओढा दिला, घरच्या नावाचा. दांडा एकदम सैल सरकला. लोण्यात सुरी जाते तसा. मी त्यांच्या खांद्याकडे पाहत होते. खांदा थोडासा खचला, पायरी चुकल्यावर खचतो तसा. त्यांना कळलं. त्या हाताला न कळणं शक्य नव्हतं. त्यांनी पाना काढला, बंडूभाऊंकडे वळले आणि आऱ्यांच्या वर आवाज चढवून म्हणाले, "बसला!"

आणि मी, आऱ्यांच्या वर आवाज चढवून, त्यांच्यापुरतंच, फक्त त्यांनी ऐकावं म्हणून ओरडले, "नाही बसला, बाबा! चुडी गेली!"

पण 'बाबा'पाशी आरे थांबले. डबे उघडायची वेळ झाली होती. "चुडी गेली" हे दोन शब्द लकडगंजाच्या त्या शांततेत असे पडले की समोरचा पानवाला उठून उभा राहिला, आऱ्यावरचे दोघं दारात आले, आणि बंडूभाऊंचा टॉवेल गळ्यातून खाली घसरला.

"काय गेलं?" बंडूभाऊ म्हणाले.

मी बाबांकडे पाहत होते. मला खरंच वाटत होतं की ते म्हणतील, हो, गेली, जुना ब्लॉक आहे, बुश मारून देतो. गॅरेजात चुडी जाणं म्हणजे काही पाप नव्हे. रोज जाते, रोज दुरुस्त होते. आजोबा असते तर हेच म्हणाले असते. पण आजोबांनी मान नुसता तयार केला होता. तो सांभाळायची वेळ बाबांवर आली होती, गल्ली बघत असताना.

बाबांनी दांडा भिंतीला टेकवला. "पोरीनं बोल्ट तिरपा सुरू केला असंन," ते म्हणाले. "तिरपा सुरू झाला की चुडी खाते. मी कसला तव्हा समजलं."

"पाह्यलं?" बंडूभाऊ म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग कमी, समाधान जास्त होतं. "म्हणून म्हणत होतो मी."

पानवाला हसला. "चुड्या पोरींच्या हातातच बऱ्या, मिस्त्री. इंजिनात कायले?"

आई पडद्याआड गेली. मी तोंड उघडलं. माझ्याकडे तो चकचकीत चुरा होता, कागदाच्या पुडीत, खिशात. दाखवता आला असता. मी दाखवला नाही. त्याला लोक माझी माया म्हणतील, संस्कार म्हणतील. खरं कारण असं की मला धक्का बसला होता आणि माझी जीभ जागेवर नव्हती. पुढं ती सापडली तोवर आरे पुन्हा सुरू झाले होते.

"आता कोण करन?" बंडूभाऊंनी घड्याळ पाहिलं.

"जिनं बिघडवलं ते करन," बाबा म्हणाले, आणि मागं जाऊन जेवायला बसले. पाटवडीचा रस्सा होता. त्यांनी दोनदा मागून घेतला असं आईनं मला पुढं केव्हातरी सांगितलं. तिनं ते सांगायला नको होतं.

तर ते भोक मी केलं. सगळं हेड परत उतरवलं, गॅस्केट वाया गेली. सिलिंडरांत फडकी कोंबली, चुरा आत जाऊ नये म्हणून. आमच्या मागच्या गल्लीत लेथवर बसणारे एक चाचा होते. त्यांच्याकडून पोलादी बुश करून आणला, बाहेरून मोठी चुडी, आतून बोल्टच्या मापाची. चाचा म्हणाले, "बेटी, दो बना देता हूँ. एक गलती के लिए." एक जाड लोखंडी पट्टीही त्यांच्याकडून नेमकं भोक पाडून घेतली. ती ब्लॉकवर शेजारच्या बोल्टनी आवळली, म्हणजे ड्रिल त्या पट्टीच्या भोकातून सरळ उतरेल, इकडं तिकडं कलणार नाही. ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खूण केली. त्याच्या खाली गेलं की पाण्याची वाट फुटते आणि मग ब्लॉक भंगारात. बीड कापलं जाताना त्याचे वेटोळे निघत नाहीत, राखाडी भुकटी निघते, चुलीतल्या राखेसारखी. ग्रीस लावून ती उचलायची, पुसायचं, पुन्हा. मग टॅप, म्हणजे चुडी कापायचं हत्यार. अर्धा फेरा पुढं, पाव मागं. पुढं गेलं की ते धरतं, मागं घेतलं की चुरा तुटून सुटतो. नुसतं पुढंच रेटलं तर टॅप आतच मोडतो, आणि आत मोडलेला टॅप काढणं म्हणजे दुसरा जन्म. दर फेऱ्याला चारी बाजूंनी काटकोनाचा गुण्या लावून पाहिलं. मला याचं अजून नवल वाटतं. सगळं शरीर रडत होतं, हात तेवढे कामावर होते.

बुश आत वळवत नेला, माथ्यापासून केसभर खाली बसवला. वर राहिला तर गॅस्केट उचलतो. कडेला पंचाचे दोन ठोके मारले, म्हणजे फिरणार नाही. बोल्ट घातला. तो बोटांनी, नुसत्या बोटांनी, तळापर्यंत गेला, गुळगुळीत, कुठं अडला नाही. नव्या चुडीत बोल्ट जातो तेव्हा त्याला विरोध नसतो आणि ढिलाईही नसते. मी आयुष्यात जी काही थोडी कामं नीट केली त्यातलं ते पहिलं, आणि गल्लीच्या लेखी ती माझ्या चुकीची भरपाई होती. चाचांचा दुसरा बुश लागला नाही.

हेड पुन्हा बसवलं, फेऱ्या झाल्या, कोपऱ्यातला तेवढा उरला. बंडूभाऊ उभेच होते. बाबा मागून आले, हात पुसत. लांब पाना भिंतीवरून काढला. मी मागं सरले, मला वाटलं तेच कसतील. त्यांनी कॅरमकडे हाक दिली, "राजू! इकडे ये बे."

राजू आला. बाबांनी पाना त्याच्या पांढऱ्या बोटांत दिला, मागं उभं राहून त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाले, "हलक्या हातानं. जास्त नाही ओढाचं. पुरे म्हणते तेथीसाच थांबाचं."

हे ऐकून मला जे झालं ते अजून जात नाही. म्हणजे कानाशी ओरडले होते ते त्यांना ऐकू गेलं होतं. जन्मभर जो माणूस पुऱ्यापाशी थांबला नाही तो त्या दिवशी थांबायला शिकला, माझ्याकडून शिकला, आणि शिकलेलं राजूला दिलं.

"बसला," राजू म्हणाला, त्याला म्हणायला सांगितलं तेव्हा.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. ट्रक चालला. कितीतरी मोसम चालला. बंडूभाऊ दर वर्षी संत्र्यांची पेटी आणत आणि ती राजूच्या हातात देत. गॅरेज राजूचं झालं. कुणी तसं जाहीर केलं नाही, मला कुणी नाहीही म्हटलं नाही; फक्त इंजिन आलं की आई मला पडद्याआडून हाक मारायची, भाजी निवडायला. नखं हळूहळू उजळ झाली आणि स्थळ जमलं. आज मी एका विमा कंपनीत टेबलामागं बसते. अपघातात गेलेल्या इंजिनांचे फोटो माझ्यापुढं येतात आणि मी सही करते. चाचांचा तो दुसरा बुश माझ्या टेबलावर असतो. साहेब विचारतात, "मॅडम, हे काय?" मी म्हणते, "पेपरवेट." वजन काही नाही त्याला, कागद उडतातच.

मुलं मला म्हणतात, आई, माफ करून टाक ना आजोबांना, किती वर्षं झाली. माफ करायला माझी हरकत नाही. पण माफी मागितलेली असावी लागते, आणि आमच्याकडे ती बरणी कधी उघडली नाही.

राजूचं गॅरेज आता रिंग रोडला आहे. पांढऱ्या फरश्या, हवेवर चालणारे पाने, निळे कपडे घातलेली पोरं. शेवटचा बोल्ट मात्र त्यानं ठेवला आहे. त्याचा व्हिडिओ करतो, गिऱ्हाइकांना पाठवतो. "तीन पिढ्यांचा हात" असं खाली लिहितो. त्यासाठी बाबांना खुर्चीत बसवून नेतात. बाबा आता थकले, हात सारखा थरथरतो, वरणाचा चमचा तोंडापर्यंत जाईतो अर्धा होतो. मागच्या महिन्यात राजू म्हणाला, "ताई, तूही चल. फॅमिली वाटते." मी गेले. फॅमिली वाटले.

तिथल्या पोरांनी बोल्ट आधीच मापाच्या पान्यानं पुरा आवळला होता आणि बाबांसाठी पाव फेरा ढिला करून ठेवला होता. मी पाहिलं. राजूनं आजोबांचा पाना बाबांच्या हातात दिला, मोबाईल वर धरला. बाबांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि ओढला. मानेच्या शिरा फुगल्या. बोल्ट जागचा हलला नाही. केसभरही नाही.

"बसला!" राजू मोबाईलमागून म्हणाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मान वळवून मला शोधलं. "पमे," ते म्हणाले, "बसला का वं?"

तिथं आरे नव्हते. हवेचे पाने बंद होते. कुठल्याही माणसाचा कुठलाही शब्द रस्त्यापर्यंत ऐकू गेला असता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मोबाईलही माझ्याकडे वळला होता.

"बसला, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी दांड्यावरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. ज्या हाताला जन्मभर कळत आलं त्याला आता कळलं नसेल असं नाही. मग मला जवळ यायची खूण केली. मी वाकले. त्यांच्या श्वासाला औषधाचा वास होता.

"हे तव्हा शिकली असती," ते हळूच म्हणाले, "तं दुकान तुयं असतं."

राजू विचारत होता, ताई, काय म्हणतात बाबा. मी त्यांच्या हातातला पाना काढून घ्यायला लागले. तो निघेना. बोटं एकेक करून सोडवावी लागली.